माथ्याच्या अलीकडचा पाऊस

रविवार, रात्रीचे साडेनऊ

बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवलेत. बोटांची टोकं अजून सुरकुतलेली आहेत. अंग दुखतंय, पण झोप नाही, तेव्हा लिहूनच टाकते.

दोनशेची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत करायची दोनशे किलोमीटरची सायकलफेरी, आज पूर्ण झाली. पहाटे साडेपाचला कोल्हापुरात रंकाळ्यावरून निघायचं, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा, नांदगाव-तळेऱ्यावरून वैभववाडी आणि मग करूळ घाट चढून गगनबावड्यावरून घरी. मुदत साडेतेरा तास. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या थांब्यांवर, कार्डावर शिक्का घ्यायचा आणि वेळेत परत यायचं. पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं.

मार्ग कळला त्याच दिवशी मी नाव दिलं होतं. आम्ही कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतली, पंचगंगेच्या पुराची माणसं. जुलै लागला की आमच्या घरात दोनच प्रश्न असतात. राधानगरी धरणाची किती दारं उघडली? आणि गगनबावड्याला पाऊस किती पडला? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे माझ्या लेकीला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तळमजल्यातला सासूबाईंचा लाकडी देव्हारा आम्हाला नंतर मोरीत सापडला. २०२१ ला पुन्हा तेच. ज्या दोन नावांनी इतकी वर्षं रात्री जागवल्या, ती गावं एकदा स्वतःच्या पायांनी बघायची होती.

हळदी, परिते मागे पडलं तेव्हा उजाडत होतं. कापणीला आलेल्या भाताचा वास रस्ताभर. राधानगरीच्या पुढे झाडांमधून धरणाचं पाणी दिसलं आणि मी पाय टेकले. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण. सात स्वयंचलित दारं. पाण्याचा दाब वाढला की आपोआप उघडतात, कुणाला उचलावी लागत नाहीत. आज सगळी बंद होती. पाणी आरशासारखं निवांत. या पाण्याचा मला राग यायचा, हे तिथं उभं राहिल्यावर आठवलं. आता येत नव्हता.

दाजीपूरला धुकं इतकं की पुढच्या सायकलचा लाल दिवा तेवढा दिसे. फोंडा घाटात ब्रेक ओले. रिमवर पॅडची करडी राड साचलेली, आणि दाबला ब्रेक की आधी नुसता खर्र आवाज, मग दोन-तीन क्षणांनी पकड. प्रत्येक वळणाच्या बरंच आधी दाबत उतरले. खाली पोचेपर्यंत मनगटं भरून आली होती. आणि नांदगावला कडक ऊन! एकाच सकाळी थंडीनं दात वाजले आणि घामानं डोळे चुरचुरले. दोन ग्लास कोकम सरबत घेतलं, वर गूळ-शेंगदाणे.

महामार्गाचं काय लिहायचं. ट्रक, ऊन, ट्रक.

वैभववाडीला आभाळ काळं झालं. परतीचा पाऊस दुपारनंतरच येतो, हे माहीत होतं. तरी आधी माथा गाठू असं वाटत होतं. करूळच्या मध्यावर गाठलंच त्यानं. एवढी वीज मी उघड्यावर कधी पाहिली नव्हती. खरंच भ्याले. इचलकरंजीचा एक पोरगा मागून आला. म्हणाला, "ताई, थांबू नका. थांबला की पायात गोळा येतोय बघा." सगळ्यात हलक्या गिअरवर दोघं चढत राहिलो. समोरून रस्त्यावरचं पाणी उतरत होतं, चाकाला आपटून दोन्हीकडे फाकत होतं. नजर त्या पाण्यावरच खिळलेली, कारण वर बघितलं की चढ दिसायचा.

माथा आला तो मला त्या पाण्यावरूनच कळला. गगनबावडा ओलांडलं आणि रस्त्याकडेच्या चरातलं पाणी उलटं वळलं. इतका वेळ ते कोकणात चाललं होतं. आता माझ्या बरोबरीनं, कोल्हापूरकडे. मी ब्रेक धरून त्याच्या वेगानं थोडी गेले. हे कुंभी नदीत जाणार, प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होणार आणि आमच्या घाटाच्या पायऱ्यांना लागणार. गळ्याशी काहीतरी आलं. पोरगा पुढे निघून गेला होता, बरं झालं.

कळ्याच्या पुढे रस्ता कोरडा ठणठणीत. बालिंग्याच्या पुलावर दिवेलागण झाली. शेवटचा शिक्का सहा पन्नासला.

दार सासूबाईंनी उघडलं. बुटातून पाणी गळत होतं. त्यांनी टॉवेल पुढे केला आणि विचारलं, "गगनबावड्याला किती पडला गं?"

"घाटात तासभर. पण आपल्याकडचा अर्धा तासच, आई."

"मग काही नाही," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.