इनबॉक्समध्ये एकही मेसेज नव्हता

फोन आमच्याकडे तपासणीसाठी पोहोचायच्या आदल्या दिवशी मालकाच्या मुलाने कॉल करून विचारलं होतं, "सर, रीसेट मारू का? व्हायरस असेल तर निघून जाईल." त्याला सांगितलं, काही दाबू नका, बंदही करू नका, विमान मोड लावा, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद असल्याची खात्री करा आणि चार्जरला लावून ठेवा. लोक भीतीपोटी सगळ्यात आधी रीसेट करतात आणि पुरावा तिथेच संपतो. आजच्या अँड्रॉइड फोनमधला डेटा सांकेतिक रूपात साठवलेला असतो. रीसेट झालं की त्याच्या किल्ल्या पुसल्या जातात आणि मग कुठल्याही प्रयोगशाळेला तो परत मिळवता येत नाही.

प्रकरण जुलै २०२५च्या शेवटच्या आठवड्यातलं, सांगली जिल्ह्यातलं. फोनचे मालक साठी ओलांडलेले द्राक्ष बागायतदार. बेदाण्याच्या सौद्याचे पैसे नुकतेच खात्यावर आले होते. एका रात्रीत ३,९८,५०० रुपये गेले: ११ वाजून ५१ मिनिटांनी १,९९,००० आणि १२ वाजून ४ मिनिटांनी १,९९,५००. मधे तेरा मिनिटांचं अंतर आहे ते मध्यरात्र ओलांडण्यासाठी. बँकेची मर्यादा दिवसाला दोन लाखांची, आणि बारा वाजता तारीख बदलली की ती नव्याने सुरू होते. म्हणून मोठी रक्कम काढणारे बहुतेक वेळा हीच वेळ साधतात.

पीएम किसानचा एकोणिसावा हप्ता २४ फेब्रुवारीला आला होता. विसावा जूनपासून 'येणार, येणार' म्हणत लांबत होता. प्रत्यक्षात तो २ ऑगस्टला जमा झाला. त्या मधल्या काळात गावोगावच्या ग्रुपवर रोज एकच विचारणा चालू होती. बागायतदारांच्या अशाच एका ग्रुपवर संध्याकाळी एपीके फाइल, म्हणजे दाबताच ॲप बसवणारी फाइल, आली, सोबत मजकूर: 'ज्यांची ई-केवायसी अपूर्ण आहे त्यांचा हप्ता थांबवण्यात आला आहे. सातबारा आणि आधार जोडणी तपासून घ्या.' पाठवणारा ग्रुपमधलाच, खतं-औषधांचं दुकान चालवणारा, सगळ्यांच्या ओळखीचा.

तीन-चार वर्षांपूर्वी वीजबिलाचे जे बनावट मेसेज यायचे, ते भाषेवरूनच पकडता यायचे. 'आपला बिजली आज रात्री कट होईल' असं कुणी मराठी माणूस लिहीत नाही. आम्ही स्वतः शाळा-कॉलेजांतल्या व्याख्यानांत सांगत आलो की शुद्धलेखन बघा, वाक्यरचना बघा. हा सल्ला आता मागे घ्यायला हवा. त्या मेसेजमध्ये एकही चूक नव्हती.

फोन आला तो सायबर ठाण्याच्या पत्रासह. आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), सिमचा क्रमांक, पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक, एवढं टिपून मग डेटा काढला आणि त्याची शा-२५६ हॅश नोंदवली; हॅश म्हणजे डेटाचा जणू बोटाचा ठसा, एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशसाठी रकानाच आहे. तो चुकला तर पुढचं सगळं काम न्यायालयात लंगडं पडतं.

पहिली तपासणी सोपी असते. फोनमधलं प्रत्येक ॲप कुणी बसवलं याची नोंद अँड्रॉइड ठेवतो. इथे दोन ॲप सोडून बाकी सगळी प्ले स्टोअरवरून आलेली. पहिलं संध्याकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी, ग्रुपवरच्या फाइलमधून. दुसरं ७ वाजून ५४ मिनिटांनी, आणि ते बसवणारं म्हणून नोंद होती पहिल्या ॲपची. दुसऱ्याचं नाव कोरं, चिन्ह पारदर्शक. ॲपच्या पडद्यावर ते म्हणजे निव्वळ एक मोकळी जागा.

ही दोन टप्प्यांची बांधणी मुद्दाम केलेली असते. नोव्हेंबर २०२४ पासून भारतात गूगलच्या प्ले प्रोटेक्टची, म्हणजे फोनमधली ॲप तपासणाऱ्या सुविधेची, वाढीव तपासणी सुरू झाली. ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप एसएमएस वाचणं, मिळवणं, नोटिफिकेशन पाहणं किंवा ॲक्सेसिबिलिटी (पडदा वाचण्याची, आपल्या वतीने बटणं दाबण्याची मुभा) यांपैकी काही मागत असेल तर ते अडवलं जातं. पहिलं ॲप यातलं काहीच मागत नाही. ते फक्त 'अपडेट आवश्यक' म्हणून दुसरं ॲप बसवायची परवानगी मागतं. खरा माल दुसऱ्यात.

तो माल पहिल्याच्या पोटात फॉन्ट फाइल म्हणून लपवला होता, आकार २.४ एमबी. आम्ही उलगडलेला कोड आमच्याच संगणकावर चालणाऱ्या भाषा-मॉडेलला, म्हणजे मजकूर आणि कोड वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या एआयला, वाचायला देतो. प्रकरणाचा डेटा बाहेरच्या क्लाउड सेवेवर चढवायचा नाही, हा नियम आम्ही कधी मोडत नाही. मॉडेलने गुंतागुंतीची नावं सोडवून कोड समजावून सांगितला, उलगडा करणारी स्क्रिप्टही काही मिनिटांत लिहून दिली. हाताने केलं असतं तर अर्धा दिवस गेला असता. पण त्याच मॉडेलने ठामपणे सांगितलं की ती फाइल देवनागरी अक्षरं दाखवण्यासाठीचा फॉन्ट आहे, दुर्लक्ष करा. त्याने नावावरून अंदाज बांधला होता. खऱ्या ट्रूटाइप फॉन्टची सुरुवात ठरलेल्या चार बाइटनी होते, इथे ते नव्हते. एंट्रॉपी, म्हणजे डेटा किती विस्कळीत आहे याचं माप, मोजली तर दर बाइटला ८ पैकी ७.९९ बिट, म्हणजे जवळजवळ शुद्ध यादृच्छिक. कॉम्प्रेस न केलेला साधा फॉन्ट इतका विस्कळीत नसतो. ती एईएस या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीने कुलूपबंद केलेली फाइल होती आणि किल्लीचे तुकडे कोडमध्ये तीन ठिकाणी विखुरलेले होते. ते जोडून उघडली तेव्हा सुरुवातीला झिप फाइलची ओळखखूण आली आणि दुसरं ॲप हाती लागलं. मॉडेलचं म्हणणं अहवालात तसंच उतरवलं असतं तर मुख्य पुरावाच हातचा गेला असता. त्याने सांगितलेलं प्रत्येक वाक्य चालवून, मोजून पाहिल्याशिवाय कागदावर येऊ देऊ नये.

दुसऱ्या ॲपमध्ये फॉर्मची पानं होती, फोनच्या भाषेनुसार उघडणारी. मराठी, हिंदी, कन्नड, गुजराती आणि आणखी काही, एकूण नऊ. आमच्या भागात कन्नड जाणणारे पुष्कळ, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला कन्नड पान वाचायला दिलं. तो म्हणाला, "अरे, यात 'पहाणी' लिहिलंय." मराठी पानावर सातबारा, कन्नडवर पहाणी, हिंदीवर खतौनी. एक मजकूर नऊ भाषांत ओतला की जमिनीच्या उताऱ्यासाठी सगळीकडे एकच शब्द येतो, हे आम्ही आजवर पाहत आलो. इथे प्रत्येक प्रांतातल्या शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द होता. पानांच्या एचटीएमएलमध्ये नीटनेटकी टिपणं तशीच राहून गेली होती, 'येथे तुमचा टोकन टाका' अशा सूचनांसह. यावरून ती मॉडेलनेच लिहिली असं न्यायालयात सिद्ध करता येत नाही, आणि अहवालात आम्ही तसं लिहिलंही नाही. पण माझं मत स्पष्ट आहे: नऊ भाषांतल्या नऊ माणसांना कुणी कामाला लावलं नव्हतं.

फॉर्मने नाव, जन्मतारीख, खाते क्रमांक, मग 'खाते पडताळणीसाठी एक रुपया' म्हणून डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत आणि पिन घेतला. सरकार हप्ता देण्यासाठी कार्डाचा पिन मागत नाही. खरी ई-केवायसी ओटीपीने, बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याच्या पडताळणीने होते. पण समोर पान शुद्ध मराठीत, वर बोधचिन्ह, आणि फाइल ओळखीच्या दुकानदाराकडून आलेली. त्या काकांना मूर्ख ठरवणाऱ्यांना मी हे पान उघडून दाखवतो.

आम्हाला सगळ्यांत जास्त हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. बँकेच्या नोंदीप्रमाणे त्या रात्री सात एसएमएस पाठवले गेले आणि फोनवर पोहोचले: नेट बँकिंगचा पासवर्ड बदलण्याचा ओटीपी, नवा लाभार्थी जोडल्याची सूचना, पैसे वजा झाल्याचे दोन मेसेज, वगैरे. फोनच्या इनबॉक्समध्ये ७ वाजून ५५ मिनिटांनंतर एकही मेसेज नव्हता. पुसलेलेही सापडले नाहीत, कारण ते कधी लिहिलेच गेले नव्हते.

अँड्रॉइड ४.४ पासून आलेला एसएमएस साठवण्याचं काम एकाच ॲपकडे असतं, फोनमध्ये 'डीफॉल्ट एसएमएस ॲप' म्हणून निवडलेल्या. दुसऱ्या ॲपने बसताच विचारलं होतं, 'हे तुमचं एसएमएस ॲप म्हणून ठेवायचं का?' काकांनी होय दाबलं. तिथून पुढे प्रत्येक मेसेज त्याच्याकडे गेला, त्याने तो एका मेसेजिंग सेवेवरच्या बॉटकडे (आपोआप चालणाऱ्या खात्याकडे) पाठवला आणि फोनमध्ये काहीच साठवलं नाही. घंटी नाही, सूचना नाही.

आता वेळा जुळवून पाहा. नवा लाभार्थी जोडला गेला ८ वाजून ६ मिनिटांनी. त्या बँकेत नव्या लाभार्थ्याला मोठी रक्कम पाठवण्याआधी काही तास थांबावं लागतं. युपीआयला त्यांनी हातच लावला नाही, कारण नव्या नोंदणीनंतर पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांपलीकडे जाता येत नाही. म्हणजे ८ वाजून ६ मिनिटांपासून ११ वाजून ५१ मिनिटांपर्यंत पावणेचार तास पैसे खात्यातच होते. ही थांबण्याची मुदत ठेवली आहे ती ग्राहकाला सूचना मिळावी आणि त्याने अडवावं म्हणून. सूचना जर चोराच्या ताब्यातल्या मार्गानेच जाणार असेल तर त्या मुदतीचा उपयोग काय? नव्या लाभार्थ्याची सूचना किमान आणखी एका मार्गाने जायला हवी: नोंदवलेल्या दुसऱ्या नंबरवर, ई-मेलवर किंवा आवाजी कॉलने. हे मी बँकांच्या अधिकाऱ्यांना भेटीत सांगतो आणि इथेही सांगतो. 'आम्ही ग्राहकाला कळवलं होतं' हे उत्तर अशा प्रकरणात पुरेसं नाही.

सकाळी सात वाजता मुलाने शिल्लक पाहिली. मग बँक उघडण्याची वाट पाहिली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार गेली १० वाजून ३५ मिनिटांनी. हा क्रमांक चोवीस तास चालतो. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला लगेच कळतं आणि शिल्लक रक्कम गोठवली जाते. पहिल्या खात्यातून पैसे दोन खात्यांत गेले होते. एकातून सकाळी नऊच्या सुमाराला एटीएममधून रोख निघाली. दुसऱ्यात १,६२,००० रुपये सापडले आणि ते अडकवले गेले. बँकेची वाट पाहण्यात गेलेले ते साडेतीन तास वाचले असते तर नऊची रोखही कदाचित थांबली असती. तक्रारीला लागतात खाते क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ. पासबुक छापून आणायची गरज नसते.

भरपाईचा वाद अजून बाकी आहे. त्या वेळी लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान त्याचं, तक्रारीनंतरचं बँकेचं. आमच्या अहवालात निष्काळजीपणा हा शब्द नाही. कोणत्या मिनिटाला काय झालं, एवढंच आहे. कोडमध्ये त्या बॉटचा टोकनही, म्हणजे त्याच्यात शिरायची गुप्त किल्लीही, होता. त्यातून आत शिरून पाहण्याचा मोह होतो, पण ती अनधिकृत घुसखोरी ठरते आणि पुरावा गढूळ होतो. टोकन लिफाफ्यात घालून ठाण्याला दिला.

तीन दिवसांनी गावात गेलो. त्या दुकानदाराच्या फोनमध्येही तेच ॲप निघालं. त्याचे एसएमएस चोरांकडे जात असल्यामुळे व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोडही गेला, आणि त्याच्या नावाने ग्रुपवर फाइल टाकणारे तेच होते. खातं परत घेताना चोरांनी आधीच लावलेला दुहेरी पडताळणीचा पिन आडवा आला. तो माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. मात्र आपण नवा कोड टाकला की चोर लगेच बाहेर फेकला जातो. ज्याने हा पिन आधीच लावून ठेवला आहे त्याचं खातं नुसत्या एसएमएसवर जात नाही.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात एकेक फोन पाहिला. सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स, एसएमएस ॲप: तिथे ओळखीचं नाव हवं. मग 'अनोळखी ॲप बसवणे' यात व्हॉट्सॲपला परवानगी दिली आहे का. मग *#२१# लावून कॉल कुठे वळवले आहेत का. चौघांच्या फोनमध्ये एसएमएस ॲपच्या जागी कोरी ओळ होती. आधी तिथे जुनं मेसेज ॲप परत निवडायचं, मग ते कोरं ॲप काढायचं, आणि पासवर्ड बदलणं, कार्ड बंद करणं हे सगळं दुसऱ्या फोनवरून.

त्या चौघांपैकी एका आजोबांचे पैसे गेले नव्हते. फॉर्म भरताना कार्ड घरी पासबुकात राहिलं होतं, म्हणून त्यांनी पान अर्धवट सोडलं. ॲप मात्र त्या दिवसापासून प्रत्येक मेसेज बाहेर पाठवत होतं. "मला वाटलं रेंज नाही," ते म्हणाले. सगळं काढून झाल्यावर त्यांच्या नंबरवर आमच्या फोनवरून एक एसएमएस पाठवला. घंटी वाजली, मेसेज इनबॉक्समध्ये आला आणि तिथेच राहिला. मग पुढचा फोन हातात घेतला.