इस्त्रीवाल्याकडून कळलं

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

"वरच्या काकूंचं तीस तारखेपर्यंतच आहे ना आता," इस्त्रीवाला कपडे मोजता मोजता म्हणाला. "सोळा, सतरा, ही ओढणी धरून अठरा."

मी म्हटलं, "हो ना." जसं काही मला माहीतच होतं. पैसे दिले, सुटे परत घेतले, दार लावलं. आणि तो गरम गठ्ठा मांडीवर घेऊन बसून राहिले. उठून कपाटात ठेवायचंही सुचेना.

वरची नीलू जाणार, याचं नाही. ते कधीतरी होणारच होतं, तिच्या रोहनने तिकडे घर घेतलं तेव्हाच मला दिसलं होतं. पण इस्त्रीवाल्याला आधी? परवा तासभर माझ्या ओट्याशी उभी होती, मेथी निवडून दिली, गवारीच्या भावावर बोलली. तेव्हा नाही?

जेवण झाल्यावर मार्विन गे लावला, माझा आवडता अमेरिकन गायक. दुसरं काय लावणार! 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन'. त्या गाण्यातल्या माणसालाही आपलं माणूस सोडून चाललंय हे असंच बाहेरून, उडत उडत कळतं. आणि त्याला ती जातेय हे जेवढं लागतं, त्याहून जास्त लागतं ते तिने स्वतः येऊन सांगितलं नाही हे. निदान आज मला तसंच ऐकू आलं.

सुरुवातीचा तो इलेक्ट्रिक पियानो. दबकत जिना चढून यावं तसे खालचे सूर. मग मागून व्हायोलिनं अंगावर येतात, आणि तो गायला लागतो तो आधीच धाप लागल्यासारखा. गाण्याचा निर्माता नॉर्मन व्हिटफील्डने त्याला मुद्दाम नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत गायला लावलं होतं, त्यावरून दोघांचे चांगलेच खटके उडाले होते. पण आवाज आता फाटतो की काय असं जिथे वाटतं, तिथेच तर गाणं आहे. खालच्या पट्टीत तो नुसता देखणा गायला असता. मी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा रडले, हे इथे लिहायला हरकत नाही.

नीलू असती तर म्हणाली असती, "बंद कर तो रडका."

तिची गायिका ग्लॅडिस नाइट. कॉलेजात असताना तिच्या मामाने पाठवलेली ती नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला ग्लॅडिस, दुसऱ्या बाजूला मार्विन. म्हणजे आमचं भांडण कॅसेटच्या दोन बाजूंनीच लावून दिलं होतं. ती एक बाजू लावायची, मी उठून उलटी करायची. शेवटी टेप गुंडाळली गेली आणि पेन्सिलीने फिरवत बसलो दोघी.

गाणं तेच, व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांचं. दोन्ही वेळा करवून घेणारा व्हिटफील्डच, रेकॉर्ड कंपनीही तीच, डेट्रॉइटची मोटाउन. आणि तरी ग्लॅडिसचं ऐकलं की वाटतं, ही बाई वेगळ्याच घरातली आहे. ड्रम सुरू होतात तेच मुळी चपला घालून निघाल्यासारखे. ती लहानपणापासून अटलांटाच्या चर्चमध्ये गायलेली, त्यामुळे दुःखसुद्धा चारचौघांत उभं राहून, टाळ्यांच्या ठेक्यावर सांगायची सवय. मागे पिप्स, म्हणजे तिचा सख्खा भाऊ आणि दोन चुलत-मामेभावंडं, "हो, हो, बरोबर आहे तुझं" म्हणत असल्यासारखे साथ देतात. भावकी घेऊन जाब विचारायला आलेली बाई! मार्विनच्या मागेही बायका गातात, पण त्या शेजारच्या खोलीत कुजबुजल्यासारख्या. त्याच्या बाजूने आहेत की नाहीत, तेही कळत नाही.

आणि ती रडण्याची ओळ. मार्विन म्हणतो, पुरुषाने रडू नये हे मला कळतं, पण आवरत नाही. ग्लॅडिस तिथे म्हणते, नीट बघ माझ्या डोळ्यांतले हे अश्रू. एकजण अश्रू लपवतो, दुसरी पुरावा म्हणून पुढे करते.

मी कायम लपवणाऱ्यांतली. म्हणून "हो ना" म्हटलं दारात.

(नाशकात राहून 'ग्रेपव्हाइन' म्हटलं की मला कित्येक वर्षं पिंपळगावकडची द्राक्षबाग दिसायची, मांडवाखाली छाटणी करता करता बायकांच्या चाललेल्या कुचाळक्या. पुढे कळलं की त्या शब्दामागे केवढं काय आहे. गुलामीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टनने लिहून ठेवलंय, मळ्यावरून टपाल आणायला पाठवलेला माणूस पोस्टाशी जरा रेंगाळायचा, गोऱ्यांच्या गप्पा कान देऊन ऐकायचा, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या बातम्या मालकांच्या मोठ्या घराच्या आधी गुलामांना कळायच्या. त्यांची तार म्हणजे ग्रेपव्हाइन. आणि इथे मी, अठरा कपड्यांवरून रुसलेली.)

आज पहिल्यांदाच एक वेगळी गोष्ट डोक्यात आली. जगाने आधी ऐकलं ते ग्लॅडिसचं, सप्टेंबर 1967 मध्ये, अमेरिकेत दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं. पण मार्विनने ते तिच्या आधीच, त्याच वर्षीच्या वसंतात गाऊन ठेवलं होतं. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी, त्याला पसंत पडलं नाही, म्हणून पडून राहिलं. म्हणजे वर्षभर हा माणूस ते गाणं दुसऱ्याच्या आवाजात, दुसऱ्यांच्या रेडिओवर ऐकत हिंडला असेल. मग 1968 मध्ये आल्बममध्ये घेतलं, रेडिओवाल्यांनीच ते उचलून धरलं, तेव्हा कुठे ऑक्टोबरअखेरीस त्याची वेगळी रेकॉर्ड, सिंगल, निघाली. सात आठवडे पहिला नंबर. हे नीलूला सांगून मी कितीदा तरी जिंकलेय. "पहिला नंबर माझाच." ती म्हणायची, "अगं पण आधी कळलं कुणामुळे?"

आधी कुणाला कळलं. घ्या, परत तिथेच आले.

मग ग्लॅडिस लावली. एकदाच. बऱ्याच वर्षांनी उलटी न करता पुरती ऐकली आणि लक्षात आलं की मला ही बाई नुसती रागावलेली वाटायची, ती तशी नाहीच. ती दार ठोठावायला आलीय. ज्याला खरंच सोडून द्यायचंय तो एवढे जिने चढून येत नाही. मार्विन मात्र खोलीतच बसून राहतो, अंदाज बांधत. गातो काय सुंदर! पण दाराकडे एक पाऊल टाकत नाही.

गेल्या श्रावणातल्या त्या रिपोर्टचं मी तरी नीलूला कुठे सांगितलं होतं? तिला लॅबमधून रक्त न्यायला आलेल्या पोराने लिफ्टमध्ये सांगितलं. पाचव्या मिनिटाला दारात उभी, कंबरेवर हात, गॅसवर कुकर तसाच ठेवून आलेली. काय काय बोलली! अख्ख्या मजल्याने ऐकलं. मला तेव्हा लाजच वाटली होती. नंतर माझ्याच डब्यातले शेंगदाणे खात तासभर बसली. तिच्या कुकरचं पुढे काय झालं ते मी विचारलंच नाही.

असो. तिलाही सांगायचं जमलं नसेल. मेथी निवडताना दोनदा थांबली होती खरी, मला वाटलं, अळी दिसली.

बुधवार, सकाळ

इस्त्रीवाल्याला फोन केला. म्हटलं, वरच्या काकूंचे कपडे आज माझ्याकडे टाक, मी नेऊन देते. त्याने विचारलं, "त्यांना सांगू का?"

म्हटलं, नको. तू आता काही सांगू नकोस.