फाल्गुनात नारायणगाव: शेत पाहिलं आणि परसबाग लावली

घरामागे थोडी मोकळी जागा असेल आणि तिथे भाजी लावायचं मनात असेल, तर आधी एक दिवस शेतावर घालवा. तोही फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला. उन्हाळी भाज्यांचं बी टाकायची हीच वेळ असते, त्यामुळे तिथे पाहिलेलं त्याच आठवड्यात घरी करता येतं.

आम्ही पुण्याहून नारायणगावला गेलो, मुलं आणि सासूबाईंसकट. यांच्या मित्राच्या काकांची शेती येडगाव धरणाच्या बाजूला आहे. तुमच्या ओळखीचं कोणी नसेल तर जुन्नर तालुक्यात कृषी पर्यटन केंद्रं आहेत. फोन करतानाच स्पष्ट सांगा, की नुसती बैलगाडी आणि जेवण नकोय, शेतातलं काम पाहायचंय, जमलं तर करायचंय. असं सांगितलं की शेतकरी वेगळ्याच उत्साहाने बोलतात.

अंतर साधारण पाऊणशे किलोमीटर. सकाळी सहाला निघा, नाहीतर चाकणला अडकाल. नवा बायपास गावाबाहेरून जातो, नारायणगावात वळायचं लक्षात ठेवा. मुलं शाळकरी असतील तर 28 फेब्रुवारीच्या आसपासची तारीख पाहा. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त जवळच्या खोडदला, जीएमआरटी दुर्बिणीच्या आवारात, विज्ञान प्रदर्शन भरतं. त्या वर्षीचं वेळापत्रक मात्र निघण्याआधी बघून घ्या.

द्राक्षांचे मळे या दिवसांत भरलेले असतात. मुलांना आधीच बजावून ठेवा: विचारल्याशिवाय घडाला हात लावायचा नाही. मण्यांवरचा पांढुरका थर बोटांनी पुसला गेला की मालाचा भाव पडतो. शिवाय फवारणी कधी झाली आहे हे मालकालाच माहीत असतं.

आमचा खरा वेळ गेला टोमॅटोच्या प्लॉटमध्ये. जानेवारीअखेरची लावण, वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर, खालून ठिबक, बांबू रोवून तारा ओढलेल्या. काकू सुतळीने झाडं बांधत होत्या, आणि सासूबाई तासाभरात त्यांच्या जोडीने बांधायला लागल्या. काकांनी पेपरच्या भोकातून बोटं घालून मूठभर माती काढली, मुलाच्या हातावर ठेवली आणि दाबायला सांगितली. लाडूसारखा गोळा वळला. मग म्हणाले, "आता टिचकी मार." गोळा फुटून मोकळा झाला. "हा वाफसा. असा असला की पाणी द्यायचं नाही. गोळाच वळला नाही तर द्यायचं. आणि टिचकीनेही फुटला नाही, चिकटून बसला, तर दोन दिवस तिकडे फिरकायचं नाही." ही परीक्षा प्रत्येकाने स्वतःच्या हाताने तिथेच करून घ्यावी. परसबागेतली निम्म्याहून अधिक झाडं जास्त पाण्यानेच जातात असं काका म्हणाले, आणि मला ते पूर्ण पटलं. रोज ठरल्या वेळी पाइप धरायची सवय शहरात सगळ्यांनाच असते.

मुलांना घरी टोमॅटोच लावायचे होते. काकांनी सरळ नाही म्हटलं. मार्चमध्ये रोप लावलं तर फुलं भर उन्हाळ्यात येणार, आणि पारा 35 अंशांच्या वर गेला की ती गळायला लागतात. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका लावा म्हणाले.

जेवायला मासवडी, रस्सा आणि बाजरीची भाकरी. मासवडी करायला वेळ लागतो, त्यामुळे आदल्या दिवशी कळवा. परतताना गावात तमाशाच्या राहुट्यांची तयारी दिसली. पाडव्याच्या सुमाराला गावोगावचे लोक यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला इथेच येतात.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. जुन्नर हा बिबट्यांचा तालुका आहे आणि त्यांचा मुक्काम उसात असतो. लहान मुलांना उसाच्या कडेला एकटं सोडू नका, आणि अंधार पडायच्या आत वस्तीवरून निघून हमरस्त्याला लागा. तिथले लोक हा धोका रोज अंगावर घेऊन शेती करतात, रात्रीची वीज आली तर रात्री पाणी धरायला जातात. हे मुलांनाही समजलं पाहिजे.

येताना गाडीत जागा ठेवा. आम्ही कुजलेलं शेणखत, उसाचं पाचट (वाळलेली पानं) आणि कॅनभर गोमूत्र आणलं. शेणखत घेताना हातात घेऊन पाहा: वास नको, भुसभुशीत हवं. कच्चं शेण घातलं की हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आलीच.

घरी दीड फूट खणून बांधकामाचा राडारोडा काढला. दोन भाग माती, एक भाग शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून वाफे केले. जागा निवडताना किमान सहा तास ऊन पाहा. भेंडीचं बी रात्रभर भिजवलं आणि दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवून टोकलं. वाण परभणी क्रांती, कारण ती पिवळ्या मोझॅक रोगाला दाद देत नाही अशी तिची ख्याती. गवारीला पुसा नवबहार चांगली, सरळ वाढते आणि जागा कमी खाते. उगवण झाल्यावर पाचट पसरलं, त्याने ओल टिकते. जीवामृताचं, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताचं, घरगुती प्रमाण असं: 20 लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी 200 ग्रॅम, मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळायचं, तीनेक दिवसांनी दहापट पाण्यातून मुळाशी द्यायचं आणि आठवड्यात संपवायचं.

भेंडी दीड महिन्यात सुरू झाली. दोडक्याला आधी नुसती नरफुलं येतात, घाबरू नका. मादीफुलाच्या देठाशी इवलासा दोडका असतो, त्यावरून ओळखू येतं. शहरात मधमाश्या कमी असल्या तर परागीकरण हाताने करावं लागतं: नरफूल तोडून पाकळ्या मागे करायच्या आणि केसर मादीफुलाला टेकवायचे. काकडीला हे सकाळी करायचं, पण दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून दिवेलागणीला. आमची मुलगी हे काम दुसऱ्या कोणाला करू देत नाही.

टोमॅटो आता जूनमध्ये. रोपं नारायणगावच्या रोपवाटिकेतून, ट्रेमधली, पंचवीस-तीस दिवसांची आणायची आणि संध्याकाळी लावायची. त्या वाफ्यात तोवर चवळी आहे; शेंगा संपल्या की वेल उपटायचे नाहीत, तिथेच कापून मातीत गाडायचे.