नसते उद्योग

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर समर कॅम्पच्या जाहिराती पडायला सुरुवात होते. रोबोटिक्स, कॅलिग्राफी, अबॅकस, विनागॅस कुकिंग (म्हणजे भेळ, पण फी ऐकून भूक मरते). दरवर्षी आम्ही दोनतीन ठिकाणी पैसे भरून मोकळे होतो. यंदा मात्र बायकोला रोज ऑफिसला जाणं कंपल्सरी झालं आणि माझं घरून काम चालू राहिलं, त्यामुळे निकाल एकतर्फी लागला. "यावेळी सुट्टी तुझ्याकडे," असं म्हणून ती डबा घेऊन निघून गेली आणि मी, नऊ वर्षांची लेक, पाच वर्षांचा लेक आणि महिनाभर राहायला आलेले आईअण्णा असे आम्ही पाच जण पंख्याखाली एकमेकांकडे बघत बसलो.

मी काय केलं असेल? एक्सेल शीट. सोमवारी हे, मंगळवारी ते, रंगीत खाने वगैरे. लेकीने ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "बाबा, ह्या सगळ्या ऍक्टिव्हिटीज आहेत का?" म्हटलं हो. "मग मला नको."

चिडलो थोडा. पण नंतर वाटलं की खरंय राव, आमच्या लहानपणी कुठे होत्या ऍक्टिव्हिटीज, आमच्याकडे उद्योग असायचे. दोन्हीत फरक आहे. ऍक्टिव्हिटीला वेळ असते, फी असते, शेवटी सर्टिफिकेट असतं. उद्योगाला यातलं काही नसतं, तो दुपारी सगळे झोपल्यावर सुरू होतो, त्यात काहीतरी सांडतं नाहीतर फुटतं, आणि शेवटी आई येऊन कमरेवर हात ठेवून म्हणते, "हे कुणी सांगितले होते नसते उद्योग?" तेच सर्टिफिकेट. आणि आमच्या घरात ते सगळ्यात जास्त वेळा कुणाला मिळालं असेल तर अण्णांना. माणूस शाळामास्तर, त्यामुळे आमच्याबरोबर त्यांनाही सुट्टी, आणि हाताला चैन म्हणून नाही. रेडिओ उघडून ठेव, माठाला नळ बसव, सायकलची चेन रॉकेलमध्ये बुडव. आम्हाला कधी त्यांनी "चला, आपण मजा करू" वगैरे म्हटल्याचं आठवत नाही. ते आपलं काहीतरी करत बसायचे आणि मध्येच हात पुढे करून "पाना दे" म्हणायचे. तो पाना द्यायला आम्हा तिघा भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या.

तर शीट डिलीट केली.

पहिला उद्योग फार ग्रेट नव्हता. लेकीची सायकल पंक्चर, मी सवयीने दुकानात न्यायला निघालो तर अण्णा म्हणाले कशाला, बादली आण. ट्यूब बाहेर काढली, हवा भरली, पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवली आणि एका जागी बुडबुड बुडबुड सुरू झाली. धाकटा असा काही ओरडला की वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. पॉलिश पेपरने घासणं, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत दम धरणं (हे सगळ्यात अवघड, सगळे बोट लावून बघतात), मग ठिगळ दाबणं. दोन दिवसांनी तिथूनच परत हवा गेली ही गोष्ट वेगळी. पण तोपर्यंत धाकट्याने घरातली प्रत्येक फुगलेली वस्तू बादलीत बुडवून तपासली होती, त्यात आईची मानेखाली घ्यायची हवेची उशी पण आली.

मग शून्य सावलीचा दिवस. हे माझ्या डोक्यातलं होतं, त्यामुळे फजितीपण माझीच. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य भर माध्यान्ही बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली लपते. कोल्हापूरकरांची सावली साधारण ६-७ मेला हरवते, आमची पुणेकरांची १३-१४ मेला, मुंबईकरांची अजून एकदोन दिवसांनी, आणि नागपूरला २६ मेच्या आसपास. दुसऱ्यांदा येतो तो दिवस आमच्या पुण्यात जुलैच्या शेवटी येतो, म्हणजे ढगात, काय दिसणार डोंबलं. तर १३ तारखेला मी पावणेबारालाच पोरांना गच्चीवर नेलं, स्टीलचा पेला उपडा ठेवला, पाइपचा तुकडा उभा केला, आणि बारा वाजता टाळ्या वाजवायला तयार राहिलो. बारा वाजले. सावली तिथेच. सव्वाबारा वाजले तरी पेल्याच्या कडेने काळी रेघ बाहेर. लेक म्हणाली, "बाबा, तुझा सूर्य लेट आहे." आणि खरंच लेटच होता, कारण आपलं घड्याळ चालतं ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, आणि पुणे त्याच्या जवळजवळ नऊ अंश पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं याप्रमाणे अर्ध्या तासाच्या वर फरक पडतो. म्हणजे आपली खरी दुपार होते साडेबाराला. हे मला माहीत असायला हवं होतं, भूगोलाच्या मास्तरांचा मुलगा मी! धाकट्याचे पाय भाजायला लागले म्हणून तो माझ्या पावलांवर उभा राहिला, माझे पाय कुणाच्या पावलांवर ठेवणार. आणि बरोब्बर १२:३१ ला ऑफिसची मीटिंग. शेवटी मीटिंग कानात आणि डोळे पेल्यावर अशा अवस्थेत आम्ही ती रेघ आत जाताना बघितली. गेली एकदम आत. पाइपला सावलीच नाही, नुसता एक पाइप, कुणीतरी फोटोत चिकटवल्यासारखा.

"गेली कुठे?" धाकटा म्हणाला आणि पेला उचलून खाली बघितलं.

मीटिंगमध्ये मी म्यूट नव्हतो हे नंतर कळलं.

काजव्यांचं मात्र नको विचारू असं झालं. मेच्या शेवटी, पहिल्या वळवाच्या सरी पडून गेल्या की भंडारदरा, पुरुषवाडी त्या अकोले तालुक्याच्या पट्ट्यात काजवे निघतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर एकदम लाखभर दिवे लागतात आणि विझतात, कॉलेजात असताना मी बघितलंय, अंगावर काटा येतो. परवा बघितले ते हेडलाइट. काजव्यांचं ते लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद, आणि आपण शेकडो गाड्यांचे दिवे लावून त्यांच्या तोंडावर टॉर्च मारत फिरणार, म्हणजे लग्नाच्या बोलणीत डीजे लावल्यासारखं आहे. आम्ही त्यातलेच, हे कबूल. तासभर ट्रॅफिकमध्ये बसून परत फिरलो. एक काजवा मात्र काचेतून गाडीत आला आणि संगमनेरपर्यंत डॅशबोर्डवर बसून होता, पोरांच्या हिशोबात ट्रिप सक्सेसफुल.

आता मुख्य उद्योग. आईस्क्रीमचा पॉट.

आमच्या लहानपणी साताऱ्यात पॉट भाड्याने मिळायचा. आदल्या दिवशी नंबर लावायचा, सकाळी डोक्यावरून आणायचा, संध्याकाळी धुऊन परत. आता भाड्याने कुठे मिळतो देव जाणे, पण मामाच्या माळ्यावर एक पडून होता तो अण्णांनी येतानाच बरोबर आणला होता, चादरीत गुंडाळून, आईला आत काय आहे ते न सांगता. (आई म्हणते मला पहिल्यापासून माहीत होतं, चादरीला हँडल असतं का.) लाकडी बादली, आत उभा डबा, डब्याच्या आत लाकडी फळ्यांचा पंखा, वर दात्यांची चाकं आणि बाजूला फिरवायचा दांडा. डबा फिरतो, पंखा जागेवर राहतो आणि डब्याच्या कडेला गोठलेलं दूध खरवडून आत ढकलतो, एवढंच यंत्र. बादली सुकली होती म्हणून तिच्या फळ्यांमधून पाणी गळत होतं, ती रात्रभर पाण्यात भिजत घातली, लाकूड फुगलं आणि भेगा मिटल्या. सकाळी आंघोळीला जागा नाही म्हणून बायको ओरडली कारण पॉटची बादली भिजत घातली होती बाथरूममध्ये.

बर्फाच्या कारखान्यात पोरांना नेलं हे बरं केलं. बर्फ म्हणजे फ्रीजमधला ट्रे एवढंच त्यांना माहीत, तिथे त्यांच्या उंचीपेक्षा मोठी लादी घसरत बाहेर आली, त्या माणसाने टोच्याने एक रेघ मारली, एक दणका दिला आणि लादी वडीसारखी दुभंगली. धाकटा हात लावून म्हणाला, "गरम आहे." मी चूक काढणार होतो, नाही काढली. गोणपाटात गुंडाळून आणली, गच्चीवर टाकली आणि धुण्याच्या मोगरीने बडवायला लागलो, हे काम पोरांनी माझ्या हातात फार वेळ ठेवलं नाही.

दूध आईने आदल्या रात्रीच आटवून गार करायला ठेवलं होतं, तक्रार करत. सकाळी त्यात साखर, पायरीचा रस. (हापूस नको, हापूस कापून खायचा, रसाला पायरीच, यावर आमच्या घरात वाद चालत नाही.) डबा भरला, पाऊणच, कारण गोठताना ते फुगतं. मग बादलीत बर्फाचा थर, जाड्या मिठाचा थर, परत बर्फ, परत मीठ, अंदाजे तीन भाग बर्फाला एक भाग मीठ.

"मीठ का?" लेकीने विचारलंच.

म्हटलं, नुसता बर्फ शून्य अंशाला वितळतो, तेवढ्या गारव्यात साखर घातलेलं दूध नीट गोठत नाही. मीठ पडलं की बर्फ शून्याच्या बराच खाली वितळायला लागतो, प्रमाण अगदी अचूक जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत, आणि वितळायला जी उष्णता लागते ती तो दुधाकडून ओढून घेतो. म्हणजे बर्फ जितका वितळेल तितकं आईस्क्रीम गोठेल. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे बर्फ स्वतः मरून दुसऱ्याला बर्फ करतो?" अण्णांनी दांडा फिरवायचा थांबवून माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं शिकवलं त्यांनी, पण हे वाक्य त्यांचं नव्हतं.

सुरुवातीला दांडा हलका फिरतो, तेव्हा पोरांचा नंबर. शंभर फेऱ्या तुझ्या, शंभर माझ्या, मोजण्यात भरपूर चीटिंग. पंधरावीस मिनिटांनी तो जड होतो, तेव्हा मोठी माणसं. आणि अजून जड झाला की अख्खी बादलीच फिरायला लागते, तेव्हा वर गोणपाट टाकून त्यावर कुणालातरी बसवावं लागतं, वजन म्हणून. माझ्या लहानपणी ती जागा माझी. ढुंगण बधिर व्हायचं पण उठायचं नाही, कारण उठला की भाऊ बसणार. यंदा ती जागा धाकट्याला मिळाली आणि तो राजासारखा बसला, मी दांडा फिरवतोय, अण्णा शेजारी खुर्चीवर बसून सूचना देतायत, "थांबू नकोस, थांबलास की खडे होतील." माझा खांदा भरून आला होता. ऐंशीच्या घरातला माणूस उठला, मला बाजूला केलं आणि वीसपंचवीस फेऱ्या मारल्या, हळू, पण एका लयीत. मग काही न बोलता परत खुर्चीत जाऊन बसले आणि बराच वेळ छाती वरखाली होत होती ती मी बघितली नाही असं दाखवलं.

धाकट्याला उठवला तर चड्डी ओली. "बर्फाची आहे," तो म्हणाला. सगळे म्हणाले हो हो बर्फाचीच.

झाकण पुसलं, उघडलं. रंग झकास, पंखा वर काढला तर त्याला घट्ट केशरी गोळा चिकटून आला, पंखा चाटायचा मान लेकीचा. तिने चाटला. तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं काहीतरी गडबड आहे.

खारट. खारट म्हणजे समुद्र.

पॉटच्या बादलीला अंगावर वरच्या बाजूला एक भोक असतं, वितळलेलं खारं पाणी डब्याच्या झाकणापर्यंत चढायच्या आधी तिथून निघून जावं म्हणून. बादली भिजत घालताना पाणी राहावं म्हणून मी त्या भोकात बूच मारलं होतं, आणि ते तसंच राहिलं. अण्णांनी बादलीला हात फिरवला, बूच चाचपलं, माझ्याकडे बघितलं. मी लहानपणी जसा जमिनीकडे बघायचो तसा बघितलं. अण्णांनी वाटी पुढे केली, "दे थोडं," म्हणाले, खाल्लं, आणि लेकीला म्हणाले, "मेक्सिकोत आंब्याला मीठ-मिरची लावून खातात." मग तिनेही एक चमचा खाल्ला. वाईट होतं. आम्ही सगळे खात बसलो.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. आई. गुडघे दुखतात म्हणून ती गच्चीवर येतच नाही, एका हाताने कठडा धरत आली आणि दुसऱ्या हातात झाकलेलं पातेलं. गच्चीभर पाणी, मीठ, बर्फाचे तुकडे, ओल्या चड्डीतला नातू, मोगरीचा तुटलेला दांडा, हे सगळं तिने एकदा नीट बघून घेतलं.

"नसते उद्योग," ती म्हणाली आणि पातेलं माझ्या हातात दिलं. दीड लिटर दूध, आटवून गार केलेलं, रस घालून. रात्रीच जास्तीचं आटवून ठेवलं होतं तिने.

"आणि या खेपेला बूच आधी काढा."