ड्राय बाल्कनी म्हणे

आमच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये किचनच्या मागे साडेतीन बाय सात फुटांची एक जागा आहे, तिला बिल्डरच्या नकाशात ड्राय बाल्कनी म्हटलंय. घरातली सगळ्यात ओली जागा तीच. मशीन तिथे, मावशी भांडी घासतात तिथे, पोछाची बादली तिथे, आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर नवऱ्याचे कॉलेजातले क्रिकेटचे पॅड, ते का ते विचारू नका.

मागच्या वर्षी मावसबहिणीने न्यू जर्सीहून तिच्या लाँड्री रूमचे फोटो पाठवले आणि माझं डोकंच फिरलं. पांढरी कपाटं, मशीनवर लाकडी काउंटर, वेताच्या टोपल्या, खिडकीत मनीप्लांट. ठरलं, आपणही करायचं. त्या फोटोत एकही ओला कपडा नाहीये हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

सुतार इंचात बोलतो आणि मशीनचं पुस्तक सेंटिमीटरमध्ये, तिथेच माशी शिंकली. फ्रंटलोड साधारण ६० सेंटिमीटर रुंद, म्हणजे साडेतेवीस इंचाला जरा वर, म्हणून त्याने २४ इंचांचा कप्पा केला आणि मशीन अगदी फिट बसलं. पण मागे पाइप वळायला चारेक इंच लागतात ते कोणीच धरलं नव्हतं, त्यामुळे मशीनचं तोंड कपाटाबाहेर, आणि स्पिन सुरू झालं की दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर असं काही धडाधड आपटायचं की शेजारच्या काकूंनी विचारलं, "काम संपलं नाही का गं अजून?" शिवाय नळ गेला होता मशीनच्या मागे. एका रात्री पाइपचा वॉशर गेला, तर नळ बंद करायला आधी ते साठ-सत्तर किलोचं धूड बाहेर ओढायचं, तोवर पाणी फ्रीजखाली पोचलेलं. आता नळ बाजूला आहे, हात पोचेल असा, आणि ड्रेनचा पाइपही जाळीवर नुसता टाकलेला नाही, भिंतीतल्या पाइपात घातलाय. सॉकेट तेवढा पहिल्यापासून १६ अँपिअरचा घेतला होता म्हणून बरं, कारण मशीनमधला पाणी तापवायचा हीटरच दोन हजार वॉटच्या आसपास खातो. कपाटाचं काय झालं? साधं प्लाय होतं, एका पावसाळ्यात पुरीसारखं फुगलं.

ते काढताना सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आता तरी दगड बसवून घे." त्यांचं पहिल्या दिवसापासून तेच चाललं होतं. मग त्या लाकडी काउंटरच्या जागी काळ्या कडप्प्याचा बुटका कट्टा आला, पुढे जरासा उतार दिलेला. कॉलर, बाह्यांच्या कडा, शाळेचे पांढरे मोजे आधी त्यावर ब्रशने घासायचे, मग मशीनमध्ये. मी कुरकुर केली खरी, पण पोराच्या शर्टाची कॉलर तेव्हापासून पांढरी दिसायला लागली, काय बोलणार.

तरी धुणं हा आपला प्रॉब्लेमच नाही हो. पाणी मोरबे धरणाचं आहे, मशीन एका तासात मोकळं होतं. वाळवायचं कुठे? जुलैमध्ये खाडीवरून येणारी हवाच इतकी ओली की तिने कपड्यांचं पाणी का म्हणून घ्यावं. जाड कपडा दीड-दोन दिवस दमट राहिला की त्यात बॅक्टेरिया वाढतात आणि तो कुबट वास येतो. मी वास घालवायला पावडर वाढवत बसले होते, त्याने उलट फेस नीट निघायचा नाही आणि वास आणखीनच चिकटून बसायचा.

शेवटी छताला सहा दांड्यांचा पुलीवाला हँगर लावला, प्रत्येक दांडीला वेगळी दोरी, आणि भिंतीवर छोटा पंखा. पंखा वाऱ्यासाठी नाही, कपड्याला लागून जी दमट हवा थांबते ना, ती हलवायला. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, खिडकीकडच्या दांडीवर. दोन कपड्यांत चार बोटं जागा. सासूबाईंनी हँगर वर-खाली करून पाहिला आणि हसल्या. रोह्याला त्यांच्या माहेरी माजघरात छताला वेळूची दांडी टांगलेली असायची, तिच्यावर सोवळ्याचं लुगडं काठीने वर टाकायचं, हात न लावता. "ह्यात नवीन काय, दोरी तेवढी."

कपडा वाळला का हे त्या हाताने बघत नाहीत. साडीचा काठ नाहीतर परकराचा नेफा गालाला लावतात, क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, "अजून आहे गं." हाताला नुसतं गार लागतं, गार आणि ओलं यातला फरक गालाला कळतो म्हणे. मी करून बघितलं, मला दोन्ही सारखंच लागतं.

बहिणीला फोटो पाठवायचा राहिलाच होता. दांड्या रिकाम्या असताना काढू म्हणून मी जूनपासून थांबले, तर गोपाळकाल्यापर्यंत तो मुहूर्त काही आला नाही. मग तसाच पाठवला, सहाही दांड्या भरलेल्या, पुढ्यात सासूबाईंचा परकर. तिच्या कॉलनीत बाहेर दोरी बांधायला परवानगीच नाही, सगळं ड्रायरमध्ये. रात्री तिचा मेसेज आला, "खाली तो काळा दगड आहे तो काय भावाने मिळाला गं?"