हार्वेस्टर जुने घ्यावे की नवे?

निफाड तालुक्यात गहू सोंगणीला येतो तेव्हाच द्राक्षांची आणि उन्हाळ कांद्याची काढणी जोरात असते. मजूर साहजिकच तिकडे जातात आणि गहू वावरात वाळत उभा राहतो. त्यातच अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली, तर वर्षाची मेहनत मातीमोल होते. म्हणून आमच्या शेतकरी गटाने स्वतःचे हार्वेस्टर, म्हणजे पीक कापून जागीच मळणारे यंत्र, घेण्याचे ठरवले आहे. प्रश्न उरला आहे तो वापरलेले जुने यंत्र घ्यायचे की कोरे नवे, आणि त्याबद्दलचे माझे मत येथे सविस्तर मांडतो.

मळणीचे तत्त्व दोन्हींत एकच आहे. फिरणारा ड्रम आणि त्याखालची कॉन्केव्ह जाळी यांच्या फटीतून पीक घासून जाते, दाणे सुटतात आणि पुढे चाळण्या व पंखा त्यांना काडापासून वेगळे करतात. जुन्या यंत्रांत आडवा ड्रम आणि काड झटकणारे वॉकर असतात, तर नव्यांपैकी अनेकांत पीक लांब रोटरभोवती फिरत पुढे सरकते, त्यामुळे दाण्याला एकदम मार बसत नाही आणि तो कमी फुटतो. गव्हाला या फरकाने फारसे बिघडत नाही. सोयाबीनला मात्र बिघडते, कारण त्याचे साल अतिशय पातळ असते. बियाण्यासाठी ठेवायच्या सोयाबीनची मळणी ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या दरम्यान ठेवूनच करावी, असे कृषी खाते वारंवार सांगते. ज्या जुन्या यंत्रात फेरे इतके खाली आणता येत नाहीत, ते कितीही स्वस्त मिळाले तरी बियाण्याच्या प्लॉटात घालू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दाणे किती सांडतात, हे मात्र यंत्राच्या वयापेक्षा चालकाच्या हातावर जास्त अवलंबून असते, आणि ते कोणालाही मोजता येते. यंत्र पुढे गेल्यावर कटरबारच्या (पुढच्या कापणीच्या पात्याच्या) पूर्ण रुंदीत चार-पाच ठिकाणी एक चौरस मीटरची चौकट ठेवावी, आतले दाणे मोजून सरासरी काढावी आणि सोंगणीपूर्वीच गळून पडलेले दाणे त्यातून वजा करावेत. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम धरले, तर चौरस मीटरला २५० दाणे म्हणजे हेक्टरी एक क्विंटल, अर्थात एकरी ४० किलो गहू मातीत गेला. सोयाबीनचा दाणा जड असल्याने तेथे ८० ते ८५ दाण्यांतच तेवढे नुकसान होते. एकरी दर ठरला की चालक घाई करतो, आणि वेग वाढला की काडाबरोबर दाणेही मागे फेकले जातात. नव्या यंत्रातील सेन्सर ही गळती पडद्यावर दाखवतो खरा, पण वेग कमी करण्याचे काम शेवटी चालकालाच करावे लागते.

माझा कल जुन्या यंत्राकडे झुकतो तो दुरुस्तीमुळे. जुन्या इंजिनातील यांत्रिक डिझेल पंप, पट्टे, साखळ्या आणि बेअरिंगे आपल्याकडच्या मिस्त्रीला ओळखीची आहेत आणि बहुतेक बिघाड बांधावरच दुरुस्त होतात. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ प्रदूषण निकष लागू झाले आणि इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली शेतीच्या इंजिनांत सर्रास येऊ लागली. तिच्यामुळे धूर कमी होतो, परंतु तिच्यात दोष निघाला तर संगणक घेऊन येणाऱ्या तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते. परतीचा पाऊस डोक्यावर असताना सोयाबीनच्या शेंगा तंत्रज्ञासाठी थांबत नाहीत. अनुदान नव्या यंत्रालाच मिळते, हे खरे आहे, आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज अवश्य करावा. मात्र अनुदानानंतर उरणाऱ्या रकमेचा हप्ता आपल्या एकरांत बसतो का, हे आधी पाहावे.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वरच्या ओल्या भातखाचरांचा हिशेब वेगळा आहे. तेथे चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणारे लहान यंत्रच हवे. आणि ज्यांच्या गोठ्यात जनावरे आहेत त्यांनी थोडा गहू हाताने सोंगून मळणी यंत्रात घालावा, कारण हार्वेस्टर काड वावरातच टाकून जाते आणि भुसा हाती लागत नाही.

आम्ही जुने यंत्र पाहू तेव्हा रंग आणि मीटरवरचे तास यांवर विसंबणार नाही. बाजूची झाकणे उघडून ड्रमच्या पट्ट्यांच्या धारा किती झिजल्या आहेत, धान्य वर नेणारी साखळी किती ताणली आहे आणि वॉकरच्या शाफ्टला खेळ किती आहे, हे मिस्त्रीसह पाहू. त्यानंतर यंत्र उभ्या पिकात चालवून मागे चौकट ठेवून दाणे मोजू आणि मगच इसार देऊ. विकणारा हंगामाबाहेर यंत्र दाखवत असेल तर व्यवहार गहू तयार होईपर्यंत थांबवावा, असे मी गटाच्या बैठकीत सांगितले आहे आणि बहुतेकांना ते पटले आहे.