काम उरलं नाही म्हणे

बुधवार, रात्र

"ताई, सिझरच ठरलंय. मग आता तुमचं काही काम उरलं नाही ना?"

बाणेरवालीने किती सहज विचारलं. मी तिची डूला, म्हणजे बाळंतपणासाठी पैसे देऊन ठरवलेली सोबतीण. आगाऊपणा नव्हता, उलट संकोचच होता. पैसे उगाच जातील ही धाकधूकही असेल, आणि ती रास्त आहे. मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाले ते आधी सांग." ती सांगत राहिली, मी हं हं करत राहिले. बाळ अजून पायाळूच आहे. पोटावरून फिरवून बघितलं, फिरलं नाही. शुक्रवारी सकाळी ॲडमिट. फोन ठेवून मी ओटा पुसला, मेथी निवडली, तरी वाक्य आपलं तिथेच.

डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही, हे आधी लिहून ठेवते. दिवस भरले तरी शंभरातली तीन-चार बाळं पायाळूच राहतात. २००० साली बऱ्याच देशांतल्या रुग्णालयांनी मिळून केलेला मोठा अभ्यास आला, तेव्हापासून अशा बाळांसाठी ठरवून सिझर करण्याकडेच कल गेला. पायाळू बाळ खालून सोडवायचा हात असलेले डॉक्टरही मग कमी होत गेले. तेव्हा शुक्रवारचं बरोबरच आहे. बोचतंय ते निराळं.

कळा नाहीत म्हणजे बाळंतपण नाही, असं तिला वाटतंय. मग मी कशाला? मी कळांची बाई. कंबर दाबणारी, गरम पाण्याची पिशवी धरणारी, "श्वास लांब सोड, अजून लांब" म्हणणारी. रात्री दोनला फोन आला तरी निघणारी. आईला अजून शेजारणींना सांगता येत नाही मुलगी काय करते ते. "नर्सिंग केलंय का?" विचारलं की ती हो म्हणून मोकळी होते. शिकायला भरलेले पैसे फिटले का, हा हिशोब मी करत नाही. घरात कुणीतरी केलाय बहुतेक. ते जाऊ दे.

पण तिला असं वाटायला लावलं कुणी? आमच्याच धंद्याने की. बाळंतपणातल्या सोबतीवरच्या २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात २६ अभ्यास होते, १५ हजारांवर बायका होत्या, आणि निष्कर्ष काय, तर सतत कुणीतरी सोबत असेल तर सिझरचं प्रमाण कमी. ओळख करून देताना आम्ही सगळ्याजणी हेच आधी सांगतो. खरंच आहे ते. पण ऐकणारीच्या डोक्यात गणित पक्कं बसतं: डूला म्हणजे नॉर्मल. नॉर्मल नाही, तर डूला नाही.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी बाईजवळ सोबतीला माणूस राहू द्यायचं ठरवलं. उत्तम झालं. सोबतीण कशी हवी, तर नात्यातली बाई, आणि जी स्वतः प्रसूतीवेदनांतून गेलेली आहे. नात्यातलं सोडा, मी अडले ते पुढच्या अटीवर. माझ्या वेळी मला एकही कळ आली नव्हती. मग मी त्यात बसते का? तिच्या फोनने दुखलं ते इथे असणार. त्या सकाळबद्दल आज नको.

तरी एवढं लिहितेच. ऑपरेशन थिएटरमध्ये जायच्या आधी बाईच्या अंगावरचं एकेक उतरवतात. मंगळसूत्र, जोडवी, टिकली, नेलपेंट. केसांच्या दोन वेण्या, वर टोपी. मागून बंद बांधायचा तो गाऊन. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला कौतुकाने भरलेला हिरवा चुडा, आता हात सुजलेले, बांगडी निघता निघत नाही. सिस्टर साबण आणते. एखादी वाढवतेच. सगळं रुमालात बांधून नातेवाइकांच्या हातात. आपल्याकडे कोणत्याही विधीला आधी बाईला सजवतात. इथे उलटं चालतं, पण विधीच आहे, फक्त कुणी तसं म्हणत नाही. "चला, घाई करा" म्हणतात. माझी टिकली कुणी काढली ते मला आठवतं.

आणि आठवतंच. पेनी सिमकिनबाईंनी (अमेरिकेत डूलांना शिकवणाऱ्या, २०२४ मध्ये गेल्या) काही बायकांना पहिल्या बाळंतपणाच्या वेळी लिहितं केलं होतं, आणि पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा विचारलं. कोण काय बोललं हे बायकांना लख्ख आठवत होतं. तो निबंध १९९१ चा. मी माझ्या आईवर तो प्रयोग केला होता. माझ्या वेळी वजन किती होतं ते तिला सांगता येईना. पण दवाखान्यातली आया म्हणाली होती, "ओरडतेस कशाला, आधी नाही कळलं?" ते तिने चालीसकट म्हणून दाखवलं. चाळीस वर्षांनी!

बाईचे लाड म्हणून आपल्याकडे डोहाळजेवण आहे. झोपाळा, फुलांचे दागिने, पेढा की बर्फी. नंतर सगळं बाळाचं. बाळंतिणीला शेक-शेगडी मिळते, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर मिळते. नाही असं नाही, पण ते अंग भरून यावं म्हणून. पाचवीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्री सटवाई येऊन नशीब लिहून जाते, तेही बाळाचं. त्याच खोलीत, त्याच रात्री, एक बाई पार बदलून गेलेली असते. तिच्यासाठी दुसरा कागद कुणी ठेवत नाही. ठेवला तर सटवाई नाही म्हणेल असं मला वाटत नाही, इतकी लांबून आलीच आहे तर.

हे लिहिताना जरा हसू आलं. बरं वाटलं.

मग मी तिला परत फोन केला. म्हटलं, काम उरलंय, ऐक. आदल्या संध्याकाळी मी येते, बांगड्या घरीच काढू, तेल लावून, सावकाश, आई आणि सासूबाई दोघी असताना. मंगळसूत्र कुणाकडे द्यायचं ते तू ठरव. पाठीत इंजेक्शन देताना उशी धरून पुढे वाकायला सांगतील, ते आज पलंगावर करून बघ. नंतर हुडहुडी भरेल, दात वाजतील, घाबरायचं नाही. दुखणार नाही, पण आत कुणी ओढतंय असं जाणवेल. बाळ निघताना मोठ्याने सांगाल का, आणि लगेच छातीशी द्याल का, हे डॉक्टरांना उद्याच विचारून ठेव. आत मला सोडणार नाहीत. मी बाहेर बाकावर तुझ्या घरच्यांशेजारी असेन, आणि तू रिकव्हरीत आलीस की तिथे, पहिल्यांदा पाजताना. आणि आठवड्याभराने येऊन विचारीन, तुला काय काय आठवतं. "बाळ छान आहे ना, मग झालं तर" असं म्हणणार नाही.

ती गप्प. मग म्हणाली, "ताई, पण आजोबांनी मुहूर्त काढलाय. अकरा बेचाळीस."

मी चिडणार होते. मग वाटलं, त्या म्हाताऱ्या माणसाला निदान कळलंय तरी की शुक्रवारी काहीतरी घडणार आहे, नुसतं ऑपरेशन नाही. पद्धत त्यांची, पंचांग त्यांचं. घड्याळ बघणारं घरात कुणी आहे म्हणायचं. आजीने तर पायाळू ऐकून आत्ताच नंबर लावलाय, उसण भरली की पाठीला पाय लावून घ्यायला.

पैशांचं तिने शेवटी काढलंच. मी म्हटलं तेवढेच, कमी नाही. तिने "बरं" म्हटलं, मग दोन मिनिटांनी मेसेज, अर्धे आत्ता चालतील का. चालतील.

अकरा बेचाळीस काही गाठलं जाणार नाही. आधीची केस लांबते, भूलतज्ज्ञ दुसऱ्या हॉस्पिटलमधून निघालेले असतात. आजोबांना हे सांगायचं काम माझं नाही, एवढं मात्र नक्की.